छत्री आकाशाकडे, बोलणी छत्रीवाल्याला!

तुमच्या गावात शिरताना एकदा घरांच्या माथ्याकडे नजर टाका. कौलारू घर असो, पत्र्याचे असो की नवा स्लॅब पडलेला असो, बहुतेकांवर एक वस्तू दिसेलच. दोन-सव्वादोन फुटांची करड्या रंगाची छत्री. जरा नीट पाहिलेत, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. या घराचे तोंड पूर्वेला, त्या घराचे उत्तरेला, तिसऱ्याचे बोळाकडे; पण छत्र्या मात्र सगळ्या एकाच अंगाला, आग्नेयेकडे माना वळवून बसलेल्या. देवळात आरतीला उभे राहावे तशा!

ही मान वळवली कुणी? कोणी तरी एक पोरगा मोटारसायकलवर खोके बांधून आला, पत्र्यावर चढला, तासाभरात चित्र लावून दिले आणि पुढच्या गावाला निघून गेला. त्याचे नाव गावाला ठाऊक नसते. गाव त्याला 'छत्रीवाला' म्हणते, नाही तर 'डिशवाला'. चित्र दिसते आहे तोवर त्याची आठवण कुणाला येत नाही. चित्र गेले, की पहिली शिवी मात्र त्यालाच.

वाचकहो, आज या छत्रीवाल्याविषयी बोलू. नुसती त्याची कड घ्यायची म्हणून नव्हे. त्याच्यातही कामचुकार आहेत, चार पैसे जास्त उकळणारे आहेत. त्यांचाही हिशेब पुढे करायचा आहे. पण भांडण कुणाशी करायचे हे ठरवण्याआधी दोष कुणाचा हे कळायला हवे. नाही तर वड्याचे तेल वांग्यावर निघते, आणि ते निघते आहे, रोज, गावोगाव.

मुंग्यांपासून छत्रीपर्यंत

ज्यांनी १९८७ साली गावात 'रामायण' मालिका पाहिली, त्यांना बांबूवरची अँटेना आठवत असेल. एक जण कौलावर बांबू फिरवतोय, दुसरा दारात उभा, तिसरा टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... आरं, गेलं!" आणि पडद्यावर पुन्हा नुसत्या मुंग्या. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी साधारण आडव्या, सरळ रेषेत येतात. वाटेत डोंगर आला की खेळ खलास. आपल्या सातारा जिल्ह्याचेच घ्या. सपाटीच्या गावांना जे चित्र सहज मिळे, त्यासाठी कोयना, कांदाटीच्या खोऱ्यांतल्या वाड्यांना डोंगराच्या पाठीकडे बघत बसावे लागे.

१९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला. त्या सुमारास तालुक्याच्या गावी केबलवाल्याच्या गच्चीवर आठ-आठ, दहा-दहा फुटी छत्र्या उभ्या राहू लागल्या. पण तिथून वीस उंबऱ्यांच्या वाडीपर्यंत तार ओढणे कुणाला परवडणार?

मग छोटी छत्री आली. २००३ साली डिश टीव्ही, २००४ च्या डिसेंबरात महिन्याचे पैसे न घेणारी दूरदर्शनची सेवा (तीच पुढे फ्री डिश म्हणून ओळखली जाऊ लागली) आणि २००६ साली टाटा स्काय. पाठोपाठ आणखी कंपन्या उतरल्या. मनोरा आडवा बघतो, उपग्रह वरून बघतो. आपल्याकडून फ्री डिशच्या उपग्रहाकडे पाहायचे तर मान जवळजवळ साठ अंश वर करावी लागते. एवढ्या उंचीवर डोंगर आडवा येईल अशी वाडी विरळाच. म्हणून जिथे बांबू हरला, तिथे छत्री जिंकली. आणि या छत्रीबरोबर गावात एक नवा धंदा आला. सातवी-दहावी झालेली, आयटीआय केलेली, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी पोरे पाना, ड्रिल आणि वायरचे बंडल घेऊन रस्त्याला लागली.

एका अंशाची किंमत

हे काम लांबून बघणाऱ्याला सोपे वाटते. "चार बोल्ट आवळायचे, त्याचे कसले पैसे?" असे म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. तेव्हा कामच काय असते ते जरा बघू.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. पृथ्वी फिरते त्याच वेगाने तोही फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा. फ्री डिशचे प्रक्षेपण ज्या जीसॅट-१५ वरून आले, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. आपला सातारा ७४ अंशांच्या आसपास. म्हणजे तो आपल्या दक्षिणेलाही आणि पूर्वेलाही. म्हणून छत्र्यांची मान आग्नेयेकडे. काही कंपन्यांचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत, त्यांच्या छत्र्या दक्षिणेकडे थोड्या जास्त कललेल्या दिसतील.

आता गणित बघा. इतक्या लांबचा नेम धरताना छत्री एक अंश जरी चुकली, तरी आकाशात सहाशे किलोमीटरहून जास्त फरक पडतो. एक अंश म्हणजे छत्रीच्या काठाला सुताभराची, फार तर दोन सुतांची हालचाल! त्यासाठी आधी खांब ओळंब्यात हवा. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसाच. खांब तिरका असेल, तर छत्री कितीही फिरवा, नेम बसत नाही. मग पट्टीवरचा अंश लावायचा, मीटर जोडायचा आणि छत्री केसाकेसाने सरकवायची. सिग्नल सापडला, तरी काम संपत नाही. त्याचा माथा कुठे आहे, म्हणजे तो सर्वात जोरकस कुठे मिळतो, ते शोधून मगच बोल्ट आवळायचे. आवळतानाही छत्री हलते, ती हलू द्यायची नाही.

छत्रीच्या पुढे दांड्यावर जो ठोकळा असतो, तो एलएनबी. छत्रीने गोळा केलेल्या लहरी तो पकडतो आणि वायरीतून घरात पाठवतो. या वायरीच्या टोकाची पितळी टोपी, म्हणजे कनेक्टर, नीट बसला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी जाते, आतली तार हिरवी पडते आणि चित्र तुटायला लागते. जाणता कारागीर वायर घरात घेण्याआधी तिला खाली एक झोळ देतो. पाणी त्या झोळाच्या टोकाशी येऊन टपकून जाते, भोकातून भिंतीत शिरत नाही. झाली की नाही कारागिरी? पण ती दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाचे मोल गिऱ्हाईक करत नाही, हे सगळ्याच धंद्यांचे दुखणे आहे.

गिऱ्हाईक किती तऱ्हेचे!

काम कठीण, पण त्याहून कठीण गिऱ्हाईक. या धंद्यातल्या कुणाच्याही शेजारी चहाच्या टपरीवर घटकाभर बसा, तऱ्हा ऐकायला मिळतील.

पहिली तऱ्हा दिशेवरून अडणाऱ्यांची. "आमच्या घरात दक्षिणेला तोंड करून काय बी लावायचं न्हाय." आता उपग्रह काही आपल्या वास्तूकडे बघून जागा बदलत नाही. मुरलेला छत्रीवाला इथे वाद घालत नाही. तो म्हणतो, "आबा, ही दक्षिण न्हवं, आग्नेय. अग्नीची दिशा. तुमचं सैपाकघर कुठल्या अंगाला हाय?" आबा हसतात, छत्री लागते. नवखा असेल, तर तिथेच तासभर शास्त्र सांगत बसतो आणि शेवटी खोके परत घेऊन जातो.

दुसरी तऱ्हा भाऊबंदकीची. घराची वाटणी झालेली, ओसरीच्या मध्ये भिंत आलेली. छत्री लावायला उघडी जागा थोरल्याच्या पत्र्यावर, टीव्ही धाकट्याच्या घरात. थोरला म्हणतो, "माझ्या पत्र्याला भोक पाडायचं न्हाय." धाकटा म्हणतो, "वडलार्जित हाय, पाड तू." ड्रिल हातात धरून हा मध्ये उभा! कधी दोघांचे जुळलेले असते, तर वेगळी अडचण. "एकाच वायरीला दोन फाटे काढ की!" पण एका तोंडाच्या एलएनबीवर नुसता फाटा काढून दोन बॉक्स धड चालत नाहीत. एकाने चॅनेल बदलला की दुसऱ्याचे चित्र जाते. त्याला दोन तोंडांचा एलएनबी आणि दुसरी वायर लागते. हे सांगितले की, "बघा, खर्च वाढवायला लागला," हा शेरा ठरलेला.

तिसरी तऱ्हा उधारीची. "ऊस जाऊ दे, बिल आलं की देतो." उसाचे बिल येते, ते सोसायटीला जाते, दुकानदाराला जाते, छत्रीवाल्यापर्यंत येत नाही. कारण छत्री काही कुणी परत काढून नेत नाही, हे दोघांनाही माहीत असते. त्यात तो लांबच्या नात्यातला निघाला, की मग विचारायलाच नको. "आपल्या माणसाकडून काय पैसं घेतोस व्हय?"

चौथी तऱ्हा बटणाची, आणि तक्रारींत हिचा भरणा मोठा. फोन येतो, "कालपास्नं टीव्ही बंद हाय, आत्ताच्या आत्ता ये." हा वीस किलोमीटर पेट्रोल जाळून येतो. बघतो तर नातवाने टीव्हीच्या रिमोटवरचे भलतेच बटण दाबलेले. छत्री ठीक, बॉक्स ठीक, वायर ठीक. एक बटण दाबले, चित्र हजर! आता पैसे मागायचे कसे? "नुसतं बटान दाबल्याचं दोनशे रुपय?" गिऱ्हाइकाचेही खोटे नाही, त्याच्या डोळ्यांनी त्याने बटणच दाबलेले पाहिले. पण दोनशे बटण दाबण्याचे नसतात. ते वीस किलोमीटर येण्याचे, वीस जाण्याचे आणि कुठले बटण दाबायचे हे माहीत असण्याचे असतात.

पाचवी तऱ्हा पॅकवरून पेटणाऱ्यांची. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नवे दरपत्रक लागू झाले. पहिल्या शंभर चॅनेलसाठी महिना १३० रुपये आणि वर कर. पैशाचे चॅनेल ज्याने त्याने निवडून घ्यायचे. निवडीचा हक्क मिळाला खरा, पण गावात झाले काय? बऱ्याच घरांत निवड करायची असते हेच कळले नाही. सकाळी उठून बघतात तर रोजची मालिका गायब. नियम दिल्लीत झाला, बदल कंपनीने केला आणि दारात सापडला तो छत्रीवाला. "तूच बंद केलंस, तूच चालू कर!"

सहावी तऱ्हा मात्र वेगळी. तिला अवघड म्हणावे की नाही, कळत नाही. पाटण, जावळीच्या वाड्यांवर जा. पोरे-सुना मुंबईत, माथाडीत नाही तर गिरणगावच्या जुन्या खोलीत. घरात एकटी म्हातारी. ती आठवड्याला फोन करते, "बाळा, चित्र हलतंय रं." हा गेला की चित्र व्यवस्थित. चहा होतो, दूध कुणाच्या म्हशीचे ते सांगून होते, मुलाचा फोन आला नाही हे सांगून होते. हा घड्याळाकडे बघतो, कारण अजून तीन गावे राहिलेली असतात. अशा घरी खरोखरच चित्र गेले तर तो पावसातही जातो. त्या घरात दिवसभर माणसाचा आवाज येतो तो त्या पेटीतूनच, हे त्याला कळलेले असते.

पाऊस की चूक?

आता मुद्द्याचे. सर्वात जास्त भांडणे होतात ती पावसावरून. "पाऊस आला की चित्र जातंय, कसली छत्री बसवलीस?"

वाचकहो, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या ओळखता आल्या, तर अर्धी भांडणे मिटतील. छोट्या छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे मोठे थेंब या लहरी शोषून घेतात, विखरून टाकतात. जुन्या मोठ्या छत्रीच्या लहरी याच्या तिप्पट लांब, म्हणून त्यांना पावसाचा त्रास कमी. तेव्हा धो धो सर आली, चित्र गेले आणि सर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप आले, तर तो निसर्ग आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथल्या माणसाने आषाढात अखंड चित्र मागणे म्हणजे ओढ्याला पूर आला म्हणून पूल बांधणाऱ्याला जाब विचारण्यासारखे आहे.

पण नुसत्या भुरभुरीला चित्र जात असेल, किंवा पाऊस थांबून ऊन पडले तरी येत नसेल, तर मात्र तो निसर्ग नव्हे. छत्रीचा नेम अंशभर चुकलेला आहे, नाही तर कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे. कोरड्या हवेत सिग्नल काठावर पास होतो आणि जरा ढग भरले की नापास होतो. इथे तुमची तक्रार शंभर टक्के रास्त. छत्रीवाल्याला बोलवा, मीटर लावायला सांगा, नेम पुन्हा धरून घ्या.

जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावकडे, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिकडे दुखणे निराळे. एप्रिल-मेच्या वळवाआधीच्या वावटळीत बोल्ट ढिले पडून छत्री फिरते. उन्हाने वायरीचे कवच तडकते. पश्चिमेला वानरे एलएनबीच्या दांड्याला लोंबकळतात. दोन्हीकडे बोलणी एकालाच.

आणखी एक गंमत सांगतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर काही दिवस, स्वच्छ ऊन असताना, चित्र ठरावीक वेळी काही मिनिटे जाते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या झोतात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. काही करू नका. आपोआप येते.

झाडांचेही तसेच. दहा वर्षांपूर्वी परसात लावलेला आंबा किंवा नारळ आता छत्रीच्या आड येतो. छत्रीच्या आग्नेयेला असलेले झाड छत्रीपेक्षा जितके उंच, त्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतरापलीकडे असेल तर अडचण नाही. त्याहून जवळ असेल, तर झाड तोडू नका बाबांनो, छत्री सरकवा!

आणि फोन करण्याआधी एवढे करा. बॉक्सच्या रिमोटवरचे मेनूचे बटण दाबा. पडद्यावर बॉक्सची यादीच दिसली नाही, तर घोळ टीव्हीच्या बटणाचा, जोडवायरीचा नाही तर बॉक्सच्या विजेचा. यादी दिसते पण एकही चॅनेल नाही, तर दोष छत्रीच्या बाजूला. काही चॅनेल आहेत आणि काहीच नाहीत, तर बहुतेक वेळा पॅक किंवा रिचार्ज. रिचार्ज मारल्यावर बॉक्स बंद करून ठेवू नका. पैसे भरल्याचा निरोप उपग्रहावरूनच येतो. बॉक्स झोपलेला असेल, तर तो घ्यायचा कुणी?

पत्र्यावरचा पाय

या धंद्यातल्या बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. कामागणिक पैसे. काम झाल्याची नोंद कंपनीत पडली तर पैसे, गिऱ्हाइकाने "समाधान नाही" म्हटले तर वांधे. पेट्रोल स्वतःचे, गाडी स्वतःची, पाय घसरला तर दवाखानाही स्वतःचा. त्यामुळे होते काय, तर ओल्या पत्र्यावर चढू नये हे त्याला पक्के माहीत असते आणि तरी तो चढतो. क्रिकेटचा मोठा सामना असेल, घरात पाहुणे जमलेले असतील, तर खालून घाईही तशीच चाललेली असते. "आरं, नाणेफेक झाली, उरक की लवकर!"

पत्र्यावर चालायची एक रीत आहे. बोल्टच्या ओळीवरच पाय ठेवायचा, कारण खाली आढा-वासा तिथे असतो. सिमेंटच्या पत्र्यावर तर कधीच सरळ उभे राहायचे नाही. वरून धडधाकट दिसतो आणि जुना झाला की पापडासारखा मोडतो. घराच्या माथ्यावरून विजेची तार गेली असेल, तर लोखंडी खांब उभा करताना तो तारेकडे कलला की संपले. ढग गडगडत असताना धातूची छत्री हातात धरून उंचावर उभे राहणे म्हणजे विजेला आमंत्रण. हे सगळे धोके पत्करतो तो एका घरचे चित्र दोन तास आधी यावे म्हणून. दोन तास थांबलो, तर आपले काय जाते?

छत्रीवाल्याचेही कान धरा

आता दुसरी बाजू. गावाचा राग उगीच पेटलेला नाही.

आठ कामे एका दिवसात उरकायची म्हणून खांब ओळंब्यात न लावणारे आहेत. भिंतीत प्लग न ठोकता लाकडाची खुंटी मारून बोल्ट बसवणारे आहेत. कौल फोडून, "ते आधीच फुटलं होतं," म्हणणारे आहेत. फुकटची सेवा असलेला बॉक्स विकताना "जन्मभर सगळे चॅनेल फुकट" असे सांगणारे आहेत. फ्री डिशला महिन्याचे पैसे पडत नाहीत हे खरे. पण त्यावर कुठले चॅनेल राहतील आणि कुठले जातील हे दरवेळी बदलते. विकणाऱ्याने हे सांगितलेच पाहिजे.

पैशांचेही तसेच. २०१७ च्या ट्रायच्या नियमावलीत नव्या जोडणीच्या बसवणुकीला ३५० रुपयांची कमाल मर्यादा होती. २०२४ च्या दुरुस्तीने ही मर्यादा उठली आणि दर कंपन्यांवर सोपवले गेले. म्हणून काम सुरू होण्याआधी दर विचारा, जादा वायरीचे किती ते विचारा आणि पावती घ्या. काम झाल्यावर मीटरवर किंवा बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद किती येते ते बघून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तक्रार झाली तर तो आकडा उपयोगी पडेल. भांडणात आकड्याइतका चांगला साक्षीदार नाही.

तक्रार ऐकली जात नसेल, तर दारातल्या पोरावर आवाज चढवून उपयोग नाही. कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. तिथे दाद लागली नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पॅक, पैसे, बंद पडलेले चॅनेल हे छत्रीवाल्याच्या हातात नसते. त्याच्या हातात असतो खांब, नेम, वायर आणि कनेक्टर. एवढ्याचाच जाब त्याला विचारा, पण तेवढ्याचा जरूर विचारा.

दिवस पालटले

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि घरातली तरुण पोरे टीव्हीसमोरून उठून कोपऱ्यात फोन घेऊन बसली. ट्रायच्या आकडेवारीनुसार पैसे भरून छत्री चालवणारी घरे २०२० च्या अखेरीला देशात सुमारे सात कोटी होती, ती २०२४ च्या अखेरीला सहा कोटींच्या खाली आली. छत्रीवाल्याला हे आकडे कुणी सांगावे लागत नाहीत. फोन किती वाजतो, यावरून त्याला कळते. कुणी सीसीटीव्हीचे काम धरले, कुणी फायबर इंटरनेटची वायर ओढतो, कुणी सोलरच्या पाट्या बसवतो. हात तेच, शिडी तीच; आणि खरे सांगायचे तर गिऱ्हाईकही तेच. इंटरनेट मंद झाले की पहिली शिवी पुन्हा वायर ओढणाऱ्यालाच!

तेव्हा वाचकहो, आज छत्री असेल, उद्या आणखी काही असेल. यंत्र कुठलेही येवो, ते लावायला एक माणूस तुमच्या छपरावर चढणारच आहे. तो आला की पाणी विचारा. दर आधी ठरवा, काम नीट पाहून घ्या, चुकले तर पुन्हा करून घ्या आणि झाले की पैसे तिथल्या तिथे द्या. उसाच्या बिलाशी त्याची गाठ घालू नका. पाऊस असेल तर म्हणा, "राहू दे, उद्या ये." आणि तो वर चढत असताना ओट्यावर बसून "आलं का, गेलं का" करण्यापेक्षा घरातल्या एकाने उठून खाली शिडी धरा.